सव्वीस नोंदी

रविवारी ऑपरेशन थिएटर धुतलं जातं, आणि या घरातली भांडणंही रविवारीच होतात, थिएटरशेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत. वर घरात भांडायची सोय नाही. जिन्याच्या तोंडाशी पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात, आणि डॉक्टरांच्या घरातून चढा आवाज आला की त्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून तीस वर्षं हीच रीत. लिफ्ट बसवायची की नाही हे याच खोलीत ठरलं. आत्याने लग्न करायचं नाही हेही याच खोलीत ठरलं, आणि ते तिला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलं.

आत्या आली तेव्हा तिचा भाऊ, म्हणजे हे डॉक्टर, आधीच येऊन बसला होता. फरशी अजून ओली होती, फिनेलचा वास नाकात जात होता, रबरी चपला रॅकवर उलट्या घातलेल्या. टेबलावर चार कागद एकाखाली एक मांडून ठेवलेले. ते तिचेच कागद होते, तिच्याच अक्षरातले. चार पेशंटच्या फाइलींतून काढलेले भुलीचे चार चार्ट; या हॉस्पिटलात भूल तीच देते. शेजारी चार कोरे फॉर्म आणि एक निळं पेन. ती नेहमी निळ्यानेच लिहिते, हे भावाने बरोबर लक्षात ठेवलं होतं. तिचा वाढदिवस त्याला आजवर कधी आठवला नव्हता.

"बस, ताई. चहा सांगू?"

"चहा राहू दे. हा काय बाजार मांडलायस?"

"तुला माहितेय."

माहीत होतंच. आठ दिवसांपूर्वी आलेलं पत्र घरात सगळ्यांचं पाठ झालं होतं. प्रशिक्षण मंडळाने ठमीला सोमवारी, म्हणजे उद्या, अकरा वाजता बोलावलं होतं. ठमी म्हणजे डॉक्टरांची एकुलती एक लेक, सर्जरीच्या रेसिडेन्सीचं तिसरं वर्ष. तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं जगात हे एक मंडळच असावं. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. परीक्षेला बसायचं तर स्वतःच्या हाताने केलेली पन्नास ऑपरेशन्स लॉगबुकात दाखवावी लागतात, आणि परीक्षा झाली तरच सर्जन म्हणून परवाना. ठमीच्या नावावर सत्तावन्न होती. एकतीस कॉलेजच्या हॉस्पिटलातली आणि सव्वीस इथली, बापाच्या हॉस्पिटलातल्या दोन महिन्यांच्या पोस्टिंगमधली.

मंडळाच्या कारकुनाने नुसत्या तारखा ताडून पाहिल्या. त्या दोन महिन्यांत पाच दिवस कॉलेजने ठमीला परत बोलावून घेतलं होतं, इमर्जन्सीला माणसं कमी पडली म्हणून. त्या पाच दिवसांत ती तिथे ड्यूटीवर होती आणि त्याच पाच दिवसांत तिने इथे चार ऑपरेशन्सही केली होती. माणूस एका वेळी दोन ठिकाणी नसतो एवढं कारकुनाला कळत होतं. पुस्तक भरताना डॉक्टरांना ते कळलं नाही.

"तारखा चुकल्या, बस्स," डॉक्टर म्हणाले. "चारही केसेस पुढच्या आठवड्यातल्या, लिहिताना मागची तारीख पडली. होतं असं. सिस्टर रजिस्टरात दुरुस्ती करेल. तू हे चार चार्ट नव्याने लिही. तारीख बदल, आणि सर्जनच्या जागी ठमीचं नाव घाल."

"सर्जनच्या जागी तुझं नाव आहे, कारण ऑपरेशन तू केलंस."

"म्हणून तर नव्याने लिही म्हणतोय ना!"

आत्याने वरचा चार्ट उचलला. दर पाच मिनिटांनी नाडी, दर पाच मिनिटांनी रक्तदाब, ठिपक्याला जोडलेला ठिपका. पेशंट झोपलेला असताना त्याच्या उशाशी बसून तिथल्या तिथे लिहिलेलं. समासात तिचीच टीप होती: दहा चाळीस, रक्त जास्त जातंय, सर्जनना सांगितलं. हे आता नव्याने कसं लिहायचं? घरी बसून नाडी कल्पायची?

"आणि पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावरची तारीख?"

"ते कोण बघतंय? मंडळावर एकजण माझ्या बॅचचा आहे. तारखा चुकल्या म्हटलं की ताकीद देऊन सोडतील. नाहीतर काय होईल ते माहितेय ना? खोटं लॉगबुक म्हणून तीन वर्षं परीक्षेला बंदी. तीन वर्षं, ताई. एकोणतीस वर्षांची आहे ती. जन्माचं नुकसान होईल पोरीचं."

इथे आत्याचा धीर सुटला. ठमीला रांगायला लागल्यापासून तिने सांभाळलं होतं. आईबाप पेशंटांमध्ये आणि पोर आत्याच्या खोलीत, असंच ते बालपण गेलं. भावासाठी तिने हे पेन हातात धरलं नसतं. तिने कोरा फॉर्म पुढे ओढला, चष्मा लावला, पेशंटचं वय लिहिलं, वजन लिहिलं. तारखेच्या रकान्याशी हात जरा थांबला. मग तिने तारीखही लिहिली.

दार उघडलं ते नेमकं तेव्हाच.

*

ठमी चोवीस तासांची ड्यूटी संपवून तशीच बसने आली होती. केसांना तेल ना पाणी, खांद्यावरच्या पिशवीतून मळका एप्रन डोकावतोय. सगळा आठवडा बापाशी फोनवर भांडण झालं होतं; आज पहिल्यांदाच समोरासमोर. बापाला काय काय सुनवायचं हे बसमध्ये तिने तीनदा घोकलं होतं. दारात उभं राहिल्यावर तिला दिसलं ते आत्याच्या हातातलं पेन, आणि घोकलेलं सगळं डोक्यातून उडालं.

"तूसुद्धा?"

आत्याने पेन खाली ठेवलं. तिचे कान लाल झाले होते.

"तुझ्यासाठीच चाललंय हे," डॉक्टर म्हणाले. "आत ये, दार लाव. आणि ओरडू नकोस."

"मी अजून ओरडलेच नाहीये, बाबा."

"पुस्तकावर सही कोणाची आहे? तुझीच ना?"

"माझीच. शेवटच्या दिवशी तुम्ही कोरी पानं पुढे केलीत, म्हणालात सही करून ठेव, मी सावकाश भरून पाठवतो. मी केली. कॉलेजात सगळे तेच करतात. एका सहीसाठी सिनियरच्या मागे तीन-तीन आठवडे फिरावं लागतं, म्हणून आधी सह्या आणि मग मजकूर. ती माझी चूक आहे, उद्या मी ती सांगणारच आहे. पण मला वाटलं, तुम्ही जे झालं ते लिहाल. सहायक, सहायक, सहायक. बावीस वेळा मी तेवढंच केलं. चार वेळा तर मी गावातसुद्धा नव्हते!"

"पन्नास कुठून भरले असते तुझे?"

"तुमच्याकडे करून भरले असते! त्यासाठीच आले होते ना मी?" आता मात्र तिचा आवाज चढला. "दुसऱ्या पोस्टिंगला, खेड्यातल्या हॉस्पिटलात, जागा होती. माझी रूममेट तिथे गेली. पंखा नाही, पाणी नाही, ढेकणांनी फोडून काढलं तिला, पण चाळीस ऑपरेशन्स करून आली. मी पण निघाले होते. तुम्ही म्हणालात, परक्याच्या दारात कशाला, माझ्याकडे ये, दोन महिन्यांत हात बसवतो तुझा. बसवलात? रोज हात धुतले, गाऊन घातला, तुमच्यासमोर उभी राहिले. रोज वाटायचं, आज देतील. आज नाही तर उद्या देतील. एकदा दिलेत, आठवतं? शेवटची कातडी शिवायला. चार टाके. तिसऱ्या टाक्याला हातातून सुई काढून घेतलीत."

"ओढला होतास तू तो टाका."

"मग शिकवायचं! ओढू नकोस म्हणायचं!"

"ते प्रायव्हेट पेशंट आहेत, ठमे. माझ्या हातासाठी येतात माझ्याकडे. त्यांना कसं सांगू, की..."

"नका सांगू. नका देऊ सुरी. ते एक वेळ मला समजलं असतं. पण मग बोलवायचं नव्हतं, आणि लिहायचं नव्हतं. थिएटरात दोन महिने माझ्या हाताला पोट उघडं धरायचा रिट्रॅक्टर, आणि कागदावर मात्र मी एवढी मोठी सर्जन! वाचून हसावं की रडावं कळेना मला. पित्ताशयाची सात ऑपरेशन्स, बाबा. मी आयुष्यात एक केलेलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते शांतपणे बोलायला लागले की समजावं, रागाचा पारा वर चाललाय.

"हे बघ. मंडळाला चारच दिसल्यात. चार तारखा, चार चुका, एक ताकीद. तू तिथे जाऊन बाकीच्या बावीसही ओकणार आहेस का? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण."

"हो. सव्वीसच्या सव्वीस सांगणार."

"आणि माझं काय होईल?"

एवढा वेळ तिच्या काळजीत बुडालेला बाप एका क्षणात स्वतःवर आला. ठमीला राग यायच्या आधी हसूच आलं, आणि ते हसू डॉक्टरांना थपडेसारखं लागलं.

"आता कसं खरं बोललात," ती म्हणाली.

*

डॉक्टर काही उत्तर देणार तेवढ्यात काठीचा आवाज आला. सिस्टर सासऱ्यांना धरून आत घेऊन आली. सिस्टर म्हणजे ठमीची आई. लग्नाआधी याच थिएटरात ती सिस्टर होती, आणि लग्नानंतरही सगळे तिला सिस्टरच म्हणत राहिले. नवऱ्याचीसुद्धा ती सवय सुटली नाही, आणि त्यावरचे विनोद करून करून शिळे झाले होते. अण्णा चौऱ्याऐंशी वर्षांचे. हॉस्पिटल त्यांनी उभं केलेलं. कानाने कमी ऐकू येतं, पण या घरात काही शिजत असलं की त्यांना पहिला वास लागतो.

डॉक्टरांना वाटलं, बरं झालं. आपल्या बाजूचं एक तरी माणूस आलं.

आणि अण्णा त्यांच्याच बाजूने बोलले. खुर्चीत नीट बसल्यावर त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि नातीकडे पाहिलं. "काय लावलंयस हे, ठमे? या पाटीवरचं नाव पन्नास वर्षांचं आहे. बापाने तुझ्या भल्यासाठी दोन अक्षरं लिहिली, तर तू त्याला फासावर देणार?"

"दोन अक्षरं नाहीत, अण्णा. सव्वीस ऑपरेशन्स आहेत."

"असतील. त्यात एवढं आभाळ काय कोसळलं? मी नाही का याचं पुस्तक भरलं? तेव्हा मंडळ नव्हतं, युनिवर्सिटी होती, एवढाच फरक. चाळीस केसेस भरल्या होत्या मी याच्या. काही बिघडलं का? झाला ना चांगला सर्जन?"

बत्तीस वर्षं ही गोष्ट या घरात कोणी तोंडातून काढली नव्हती, आणि म्हातारा ती मदत म्हणून काढून बसला. डॉक्टरांनी लेकीकडे बघायचं टाळलं. तिच्याऐवजी त्यांची नजर बहिणीवर गेली.

आत्या उठली होती. अर्धवट भरलेला फॉर्म तिने मधोमध फाडला, परत एकदा फाडला आणि तुकडे टेबलावर टाकले.

"काय बिघडलं ते मी सांगते, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. मी उशाशी होते."

"ताई, नको," डॉक्टर म्हणाले.

"का नको? पोरीला कळू दे, तिच्या बापाने तिला सुरी का दिली नाही ते." ती ठमीकडे वळली. "तुझ्या बाबाला परवाना मिळून अकरा दिवस झाले होते. शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक बाई होत्या, पित्ताशयात खडे. अण्णांनी याला एकट्याला सोडलं. कागदावर याने तसली नऊ केली होती ना! खरी एकही नाही. पित्ताशयाची समजून याने पित्ताची मुख्य नळीच कापली. मला त्याचा चेहरा दिसत होता. मी सिस्टरला म्हटलं, पळ, अण्णांना बोलाव. हात धुऊन अण्णा आत येईपर्यंत सहा मिनिटं गेली. बाई वाचल्या. पोटातून नळी काढलेली, कमरेला पिशवी लावलेली, असे तीन महिने काढले त्यांनी. परत दोनदा पोट उघडलं. आणि त्यांना काय सांगितलं आपण? सांगा ना, अण्णा."

अण्णांना ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं. ते काठीच्या मुठीकडे बघत होते.

"तुमची नळी जन्मापासूनच वाकडी होती, असं सांगितलं. चूक त्यांच्या पोटाची! आणि त्या बाई अजून दर वर्षी याला शुभेच्छांचं कार्ड पाठवतात. जीव वाचवलात म्हणून. आणि हा ती कार्डं कपाटात ठेवतो. टाकायची हिंमत नाही आणि खरं सांगायचीही नाही."

डॉक्टर खाली बसले. त्यांना ते कापडाच्या घडीवर उतरलेलं पिवळं पित्त दिसत होतं, जसं दर वेळी दिसतं, प्रत्येक पित्ताशयाच्या वेळी, गेली बत्तीस वर्षं. म्हणूनच ते कोणालाही सुरी देत नाहीत, एकाही रेसिडेंटला नाही. लोक म्हणतात, डॉक्टरांचा हात काय सुरेख! तो हात भीतीने सुरेख झाला आहे हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

"मला भीती वाटली, ठमे," ते म्हणाले. हे ते ठरवून बोलले नाहीत. "माझ्या हातून झालं ते तुझ्या हातून होईल, याची. सुई तुझ्या हातात दिली आणि माझेच हात गार पडले."

लेक विरघळेल अशी त्यांची कुठेतरी आशा होती. ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"मग लिहिलंत कशाला? घाबरलात तर थांबवायचं मला. सांगायचं, ही तयार नाही, हिला सहा महिने वाढवा. तुम्ही मला पास करायला निघालात! परवाना मिळाल्यावर पहिल्या दिवशी मी कोणाच्या पोटावर शिकणार होते, बाबा?"

"मी होतो ना शेजारी."

"अण्णाही होते शेजारी. शेजारच्या खोलीत."

*

सिस्टर एवढा वेळ दाराशी उभी होती. खोलीत रिकामी खुर्ची होती, पण थिएटरच्या आवारात बसायची सवयच तिला नव्हती. ती ऐकत होती, आणि तिचा राग नवऱ्यावर जेवढा होता तेवढाच स्वतःवर होता.

कारण अक्षर तिचं होतं. थिएटरचं रजिस्टर तीच लिहिते. सव्वीस वेळा डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाले होते, सिस्टर, मुख्यच्या रकान्यात ठमीचं नाव टाक, आणि सव्वीस वेळा तिने टाकलं होतं. लॉगबुकाची पानंही त्या रजिस्टरावरून तिनेच उतरवून काढली. पोरीचं भलं होतंय म्हणून तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. पाच दिवस ठमी घरी नव्हती हे आईला आठवत नव्हतं का? त्या पाच दिवसांत तिची गादी कोणी उन्हात घातली होती? आठवत होतं. तरी हात लिहीत गेला, कारण त्या हाताला डॉक्टर सांगतील ते लिहायची सवय होती. त्या शिवणाच्या बाईंच्या वेळीही रजिस्टरात तिनेच लिहिलं होतं: शरीररचना जन्मतः वेगळी.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले. बोलता बोलता ते पुन्हा डॉक्टर झाले होते. "रजिस्टर आण. ताई नाही तर नाही. नुसतं रजिस्टर दुरुस्त केलं तरी भागेल."

असं म्हणून त्यांनी टेबलावरचे चारही चार्ट गोळा केले, आपल्या लॉकरमध्ये टाकले आणि किल्ली फिरवली. बहिणीला आडवं जायला जागाच दिली नाही.

आत्याने कपाळाला हात लावला. "अरे, चारच काढलेस तू. बावीस अजून फाइलींत आहेत. आणि सगळ्यांच्या प्रती माझ्या घरी. प्रत्येक चार्टची प्रत मी ठेवते, त्या बाईंच्या वेळेपासून. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही ठेवत. माझ्यावर नाही म्हणून. मी काय करू शकते ते आत्ता बघितलंस ना? तारीख लिहून मोकळी झाले होते मी."

"म्हणजे तू उद्या तिच्याबरोबर जाणार."

"सव्वीसही चार्ट घेऊन."

"सख्खी बहीण!"

"तीच. बत्तीस वर्षं तुझीच बहीण होते. एक दिवस तिची आत्या होऊ दे."

डॉक्टरांनी बापाकडे पाहिलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तू तरी सांग हिला. माझं रजिस्ट्रेशन गेलं तर काय होईल ते सांग. पाटी उतरेल. तीस माणसं कामाला आहेत इथे. खाली वॉर्डात आत्ता अकरा पेशंट आहेत. कोण बघणार त्यांना? कोणासाठी उभं केलं हे सगळं?" ते ठमीकडे वळले. "तुझ्यासाठीच ना? तूच चालवणार होतीस ना हे?"

"मला येत नाही, बाबा."

"काय येत नाही?"

"ऑपरेशन." ठमी आता ओरडत नव्हती. "साधा हर्निया एकटीने करायला सांगितला तर मला जमेल की नाही, मला माहीत नाही. पित्ताशय तर नाहीच. ही गोष्ट तीन वर्षं मी कोणालाच सांगितली नाही, रूममेटला पण नाही. कॉलेजात एका टेबलाला चार रेसिडेंट. जो सरांच्या पुढेपुढे करेल त्याला केस. माझ्या वाट्याला एकतीस, तीही गळवं नि चरबीच्या गाठी. मला वाटलं, जाऊ दे, माझा बाप सर्जन आहे. माझं कुठे अडणार नाही." तिने डोळे मनगटाने पुसले. "उद्या मला विचारतील, तुला काय काय येतं? मी सांगणार, रिट्रॅक्टर धरायला येतो. दोन तास न हलवता धरते. बंदी घातली तर घालू देत. वर्ष घालवू देत, दोन घालवू देत. पण त्यानंतर मला खरी पन्नास करायची आहेत, आणि ती तुमच्याकडे नाही करायची."

सिस्टरने लेकीचे हात पाहिले. बोटं लांब होती, बापासारखीच. तिला एकदम संताप आला. या हातांना याने काही शिकवलं नाही. स्वतःचं भय पोरीच्या गळ्यात बांधलं आणि वर शिकवल्याचं प्रमाणपत्र लिहून दिलं, आणि ते तिच्या आईच्याच अक्षरात लिहून घेतलं.

"रजिस्टर मी आणणार नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"आणणार नाही. उद्या मी पण चाललेय यांच्याबरोबर. रजिस्टर घेऊन. त्यात अक्षर कोणाचं आहे, ते मीच सांगेन."

"तुझं पण रजिस्ट्रेशन आहे, सिस्टर. नर्सिंगचं. तेही जाईल."

"जाऊ दे."

"आणि उद्याची यादी? तीन ऑपरेशन्स आहेत उद्या सकाळी."

"भूल कोण देणार?" आत्या म्हणाली. "मी अकराला मंडळात असेन. तातडीचं एकही नाही त्यात, मी बघितलंय. खालच्या अकरांची सोयही मी लावते, मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांना सांगून. तूही आमच्याबरोबर आलास तर बरं. नाही आलास तर तुझ्याबद्दल जे सांगायचं ते तुझ्या पाठीमागे सांगू."

"मी येणार नाही."

"मर्जी तुझी."

भिंतीवर थिएटरचा फोन होता, आणि फोनशेजारी खिळ्याला उद्याची यादी टांगलेली. सिस्टर तिथे गेली. यादी तिच्याच अक्षरात होती. तिने पहिला नंबर फिरवला. हर्नियाचा पेशंट, बसचा ड्रायव्हर, दोनदा तपासायला येऊन गेलेला, तिला सिस्टरबाई म्हणणारा.

"मी डॉक्टरांच्या हॉस्पिटलातून सिस्टर बोलतेय. उद्याचं ऑपरेशन होणार नाही. आज उपाशी राहू नका, नेहमीसारखे जेवा. नाही नाही, तुमचे रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टरांची तब्येतही ठीक आहे."

पलीकडून त्याने काहीतरी विचारलं. काय विचारलं ते खोलीत सगळ्यांना कळलं. अशा वेळी द्यायचं उत्तर या घरात ठरलेलं होतं, डॉक्टर मीटिंगला आहेत, आणि ते उत्तर सिस्टरने बत्तीस वर्षांत किती वेळा दिलं असेल याची मोजदाद नव्हती. ठमीने मान वर केली. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.

"कारण सांगते," सिस्टर म्हणाली. "डॉक्टरांनी स्वतः केलेली सव्वीस ऑपरेशन्स मुलीच्या नावावर दाखवली. तिला परीक्षेला बसता यावं म्हणून. सांगितलं त्यांनी, लिहिलं मी. त्याची उद्या चौकशी आहे. हो, बरोबर ऐकलंत. तुम्हाला दुसरीकडे ऑपरेशन करून घ्यायचं असेल तर कागद तयार करून ठेवते, केव्हाही येऊन घेऊन जा."

"सिस्टर!" डॉक्टर ओरडले. जिन्यावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. "फोन ठेव!"

सिस्टरने ड्रायव्हरचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं, त्याला बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग यादीवर बोट खाली सरकवत तिने दुसरा नंबर लावला.